प्रस्थापितांपासून दूर राहिलेले अरुण कोलटकर

कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात नामांकित चित्रकार झाले. कविता मात्र त्यांनी बाजारापासून कटाक्षाने दूर ठेवली. पन्नासच्या दशकापासून ती ‘शब्द’सारख्या लघुअनियतकालिकांतूनच येत राहिली. काळा घोडा परिसरातील ‘वेसाइड इन’ उपाहारगृहात त्यांचा मित्रांसमवेत अड्डा जमे. संगीताच्या ओढीने ते पखवाजही शिकले. १९७७ मध्ये इंग्रजी ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार लाभला. पहिला मराठी संग्रहही त्याच वर्षी, मित्र अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने काढला. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तो २००५ मध्ये, तेव्हा तो स्वीकारण्यास कोलटकर हयात नव्हते.