स्त्रियांसाठी रुग्णालयाचे दार उघडणाऱ्या डॉ. रखमाबाई

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत रुग्णालये उभी राहिली होती. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर तयार होत होते. तरीही या सोयींचा लाभ बहुसंख्य स्त्रियांपर्यंत पोहोचत नव्हता. परपुरुषाकडून तपासून घेणे कुलीन घरांत निषिद्ध मानले जाई. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत होई आणि अडलेली बाळंतीण दगावली तर तो दैवाचा भाग समजला जाई. हा अन्याय दूर करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. रखमाबाईंचे नाव अग्रभागी आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. पुढे मातोश्री जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. डॉक्टर असलेल्या या पालकाच्या घरात त्यांना विद्येची गोडी लागली. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता. परंतु त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी न्यायालयात दावा लावला. अजाण वयात संमतीवाचून झालेला विवाह आपणांस बंधनकारक नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. मार्च १८८७ मध्ये, नांदावयास जावे अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा निर्णय झाला. त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली.

या अग्निपरीक्षेनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा रुग्णालयात स्त्री-डॉक्टर स्त्रियांवर उपचार करीत. तेथील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवीधर झाल्या होत्या, पण व्यवसाय सुरू करण्यापूर्वीच, १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले स्वप्न रखमाबाईंच्या हातून दीर्घकाळ साकार होणार होते.

१८९५ मध्ये स्वदेशी परतल्यावर त्यांनी सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाची धुरा स्वीकारली. इमारत होती, औषधे होती, स्त्री-डॉक्टरही होती. पण बाळंतपणासाठी रुग्णालयात येण्यास स्त्रिया धजावत नसत. त्यांची भीती घालविण्यासाठी रखमाबाईंनी एका गाभण शेळीची रुग्णालयात सुखरूप सुटका केली, अशी आठवण सांगितली जाते. नुसते दवाखाने बांधून भागत नाही, रुग्णाच्या मनातला संकोचही दूर करावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. सुरतेत त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ सेवा केली.

१९१८ मध्ये सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेतील पद त्यांना देऊ करण्यात आले. ते नाकारून त्यांनी राजकोट संस्थानातील जनाना रुग्णालयात जाणे पसंत केले. सुमारे पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर त्या निवृत्त होऊन मुंबईस परतल्या. पडदा पद्धती नाहीशी करण्याची गरज प्रतिपादणारी एक पुस्तिकाही त्यांनी लिहिली. रुग्णालयाचे दार उघडे असूनही जी चाल स्त्रीला उंबऱ्याआड अडवून ठेवते, तीही मोडली पाहिजे, हे त्यांनी आयुष्यभर अनुभवले होते.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. उपचार उपलब्ध असणे आणि ते गरजू व्यक्तीला प्रत्यक्ष लाभणे, यांत मोठे अंतर असते. ज्या घरात स्त्रीचे दुखणे आजही सर्वांत शेवटी विचारात घेतले जाते, तेथे ते अंतर कायम आहे. ते मिटविण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक सेवाभावी कार्यकर्त्याला डॉ. रखमाबाईंचे चरित्र मार्गदर्शक ठरेल. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!