टाइमटेबल, ताग आणि जगदीशचंद्र

मायक्रोवेव्हच्या प्रॅक्टिकलला बेंचच्या टोकाला कर्ण्यासारखं तोंड असतं ना, तो हॉर्न अँटेना. रीडिंग्ज कुणाच्या तरी जर्नलमधून उतरवायच्या घाईत तो आधी कुणी बनवला हे आपण कशाला विचारतोय! तर मित्रांनो, अगदी सुरुवातीला तो वापरणाऱ्यांतले एक म्हणजे शाळेच्या पुस्तकात लाजाळूच्या रोपाशेजारी भेटलेले जगदीशचंद्र बोस.

जन्म ३० नोव्हेंबर १८५८, मैमनसिंगचा (आता बांगलादेशात). वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स आणि मग इंग्लंड. तिथे मेडिकलला गेले, पण तापाने हैराण झाले म्हणून ते सोडून केंब्रिजला. तिथे लॉर्ड रॅले शिकवायला होते. हे नाव लक्षात ठेवा.

१८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात नोकरी लागली. पण हिंदी प्राध्यापकाला गोऱ्यापेक्षा कमी पगार, त्यात हंगामी म्हणून आणखी कपात. बोसांनी पगारच घेतला नाही. लेक्चर्स मात्र एकही बुडवलं नाही, तेही सलग तीन वर्षं, आणि घरी वडिलांचं कर्ज असताना! शेवटी सरकार नमलं, मागचा सगळा पगार पूर्ण दराने मिळाला, कर्ज फिटलं.

संशोधन खरं सुरू झालं ते १८९४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. लॅब म्हणजे एक छोटीशी खोली, मदतीला पत्र्याचं काम करणारा कारागीर. हर्ट्झच्या लहरी लांबलचक, त्यांना वळवायचं तर प्रिझमच माणसाएवढं लागायचं. बोसांनी तरंगलांबी काही मिलिमीटरपर्यंत खाली आणली आणि अख्खा प्रयोग टेबलावर मावला. मग गंधकाची भिंगं, ग्रेटिंग, बीम गोळा करायला तो कर्णा. दोन प्रिझममध्ये थोडी फट ठेवली की बीमचा काही भाग सरळ जातो, काही परततो. फट वाढवत गेलं की परतणारा भाग वाढतो. दृश्य प्रकाशात ही फट मायक्रॉनपेक्षाही कमी लागते. इथे ती साध्या पट्टीने मोजता येते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ब्रॅडशॉचं रेल्वे टाइमटेबल. बोसांनी त्याच्या पानांमध्ये वर्ख घालून पोलरायझर केला. विद्युत कंपन पानांना समांतर असेल तर लहर अडते, काटकोनात असेल तर पार जाते. १८९८ मध्ये त्यांनी तागाचे धागे पिळून त्यांच्या जुड्या केल्या. उजवा पीळ असला की ध्रुवणाची पातळी एकीकडे फिरते, डावा असला की उलट. ताग तोच, फरक फक्त पिळाचा! साखरेच्या द्रावणात प्रकाशाची पातळी का फिरते, त्याचं हे हातात धरता येणारं मॉडेल होतं.

आज फोटोनिक क्रिस्टलमध्ये हेच सूत्र फार पुढे गेलंय. साधारण अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने तीच रचना पुन्हा पुन्हा आली, की प्रत्येक थरावरचं बारीकसं परावर्तन एकमेकांत मिळून मोठं होतं आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीला आत प्रवेशच उरत नाही. मधली एक रांग मुद्दाम मोडली की बीम त्याच गल्लीतून जातो, वळणही घेतो. एका दिशेपुरता हा अडवलेला पट्टा रॅलेंनी १८८७ मध्येच गणिताने दाखवला होता. हो, तेच रॅले! सगळ्या दिशांची कल्पना याब्लोनोविच आणि जॉन यांनी १९८७ मध्ये मांडली. आणि १९९१ मध्ये याब्लोनोविचच्या गटाने ती दाखवली, तीही मायक्रोवेव्हवरच, ठोकळ्याला तिरकी भोकं पाडून. कारण बोसांचंच: लहर मोठी असली की भोकं साध्या ड्रिलने पाडता येतात.

फोटोनिक क्रिस्टल बोसांनीच शोधला असं मात्र कॅन्टीनमध्ये ठोकून देऊ नका. त्यांच्या रचनांत तो बंद पट्टा नव्हता. पदार्थ न बदलता नुसत्या मांडणीने लहरीला वागायला लावता येतं, हे त्यांनी करून दाखवलं. तेवढंही पुष्कळ आहे.

जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ही उपकरणं मांडली. पेटंटचा त्यांना तिटकारा. मित्रांच्या आग्रहाने गॅलिना डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं, तर तेही वापरलं नाही. तोवर मन वनस्पतींकडे वळलं होतं. १९१७ मध्ये आपल्या वाढदिवशी त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केली. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला ते गेले. मिलिमीटर लहरींची त्यांची उपकरणं कोलकात्याच्या त्याच इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत.