विश्लेषण : ‘माणसाला जमीन किती लागते?’ विचारणारा जमीनदार. टॉलस्टॉय आणि सेवाग्रामचा संबंध काय?

वर्धा : सेवाग्रामच्या बापू कुटीत माती, बांबू आणि मोजकंच सामान दिसतं. या साधेपणाचा एक धागा रशियातल्या एका श्रीमंत जमीनदाराकडे जातो.

लिओ टॉलस्टॉय यांचा जन्म १८२८ चा, मॉस्कोच्या दक्षिणेकडील यास्नाया पोल्याना या घराण्याच्या जहागिरीवर. तारुण्य जुगारात आणि कर्जात गेलं. मग सैन्यात भरती, क्रिमियाचं युद्ध. पुढे ‘युद्ध आणि शांती’, ‘अ‍ॅना कारेनिना’ या कादंबऱ्यांनी मोठं नाव झालं. पन्नाशीच्या सुमारास मात्र त्यांना एका प्रश्नाने घेरलं : मरण ठरलेलंच असेल, तर या सगळ्याचा अर्थ काय?

उत्तर त्यांना कष्टकरी शेतकऱ्यांच्या श्रद्धेत सापडलं आणि लेखनच बदललं. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी त्यांनी छोट्या गोष्टी लिहायला घेतल्या. १८८४ मध्ये सहकाऱ्यांसोबत ‘पोस्रेद्निक’ ही प्रकाशन संस्था काढली. तिच्या अगदी स्वस्त पुस्तिका फेरीवाले खेडोपाडी विकत.

१८८६ मधली पाखोमची गोष्ट त्यातली सर्वांत गाजलेली. सूर्य मावळायच्या आत जेवढ्या जमिनीला फेरी मारशील तेवढी तुझी, असा सौदा. पाखोम हावेपोटी लांब जातो, धावत परततो आणि तिथेच कोसळतो. शेवटी त्याच्या वाट्याला येते फक्त कबरीपुरती जागा.

खुद्द टॉलस्टॉय यांना जमीन सोडणं सोपं गेलं नाही. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मालमत्ता पत्नी-मुलांच्या नावे केली, पण राहिले त्याच वाड्यात. लेखनाच्या हक्कांवरून पत्नी सोफियाशी खटके उडत राहिले. तिची बाजूही हलकी नव्हती. मोठा संसार तिलाच चालवायचा होता. अखेर १९१० मध्ये, ८२ व्या वर्षी, त्यांनी रात्री घर सोडलं. वाटेत आजारी पडून अस्तापोवो रेल्वे स्थानकात त्यांचा मृत्यू झाला.

त्याआधी वर्षभर त्यांचा गांधीजींशी पत्रव्यवहार सुरू होता. त्याच १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ, हर्मन कॅलनबाख यांनी दिलेल्या सुमारे १,१०० एकरांवर गांधीजींनी ‘टॉलस्टॉय फार्म’ उभं केलं. ‘मूर्ख इव्हान’ची गोष्टही त्यांनी गुजरातीत आणली. या गोष्टीत शहाण्या भावांचं सैन्य आणि पैसा निकामी ठरतात, राबणारा इव्हान टिकतो.

हाच शरीरश्रमाचा विचार १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, रोजचा नियम झाला. भूदानाचं मूळही टॉलस्टॉयमध्ये शोधणं ताणल्यासारखं होईल. पण १९५१ च्या सप्टेंबरात विनोबा भावे जमिनीचं दान मागत पायी दिल्लीकडे निघाले, ते सेवाग्रामपासून जवळच असलेल्या पवनारहून.