ग्रेस हॉपर

ग्रेस ब्रूस्टर मरे हॉपर (९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क – १ जानेवारी १९९२, आर्लिंग्टन, व्हर्जिनिया) या अमेरिकी गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि अमेरिकी नौदलातील रिअर अ‍ॅडमिरल होत्या. एका संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली निराळ्या बनावटीच्या संगणकावरही चालली पाहिजे, ही अपेक्षा आज सर्वमान्य आहे. ती अशक्य मानली जात होती त्या काळात तिचा पाठपुरावा करणाऱ्यांत हॉपर अग्रभागी होत्या.

बालपण आणि शिक्षण

ग्रेस यांचे वडील वॉल्टर मरे विमा व्यवसायात होते. आई मेरी यांना गणिताची आवड होती. पणजोबा नौदलात अ‍ॅडमिरल होते. वयाच्या सातव्या वर्षी गजराच्या घड्याळाची रचना समजून घेण्यासाठी ग्रेस यांनी घरातली सात घड्याळे सुटी करून ठेवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. व्हॅसार महाविद्यालयातून १९२८ मध्ये गणित व भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना गणितातील पीएच.डी. दिली. १९३१ पासून त्या व्हॅसारमध्येच शिकवीत होत्या. व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी १९३० मध्ये झालेला त्यांचा विवाह १९४५ मध्ये घटस्फोटाने संपुष्टात आला.

नौदल आणि हार्वर्ड

दुसऱ्या महायुद्धात नौदलात जाण्याची त्यांची इच्छा सहजासहजी पूर्ण झाली नाही. वय जास्त, वजन किमान मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी कमी आणि गणिताचे अध्यापन हेच युद्धकाळात आवश्यक काम, अशी कारणे आड आली. विशेष सवलत मिळवून १९४३ अखेर त्या राखीव दलात दाखल झाल्या. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली, मार्क १ या सुमारे ५१ फूट लांबीच्या गणनयंत्रावर झाली. या यंत्राची ५०० हून अधिक पानांची माहितीपुस्तिका त्यांनीच लिहिली.

त्यांच्या पुढच्या कार्याचे बीज येथे सापडते. एकदा बिनचूक चाललेल्या आज्ञा सहकारी वह्यांत उतरवून ठेवीत आणि गरज पडेल तेव्हा नव्या आज्ञावलीत नक्कल करीत. नक्कल करताना आकडे चुकत, स्मृतिस्थानांच्या बेरजा चुकत. हे काम माणसाने न करता यंत्रानेच करावे, असे हॉपर यांना वाटू लागले.

याच काळातील एक कथा मात्र जपून सांगितली पाहिजे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क २ यंत्राच्या रिलेमध्ये अडकलेला पतंग नोंदवहीत चिकटवला गेला, हे खरे आहे. ती नोंदवही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. परंतु यंत्रातील दोषाला बग म्हणण्याची पद्धत त्याआधीच्या शतकातली आहे आणि तो पतंग स्वतः हॉपर यांनी शोधल्याचा पुरावा नाही.

हार्वर्डमध्ये स्त्रियांना कायम पद मिळण्याची शक्यता नसल्याने १९४९ मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडले. या वर्षांतील एकाकीपणा आणि मद्याचा अंमल यांची नोंद चरित्रकारांनी केली आहे.

संकलक

एकर्ट-मॉकली कंपनीत युनिव्हॅक संगणकावर काम करताना १९५२ मध्ये त्यांनी ए-० ही प्रणाली तयार केली. साठवलेल्या उपाज्ञावल्या क्रमांकानुसार शोधून त्या एकत्र जोडणारी ही प्रणाली आजच्या अर्थाने पूर्ण संकलक नव्हती. तरी आज्ञावली लिहिणारी आज्ञावली ही कल्पना तिने प्रत्यक्षात आणली. १९५३ मधील ए-२ प्रणालीचा सोर्स कोडही ग्राहकांना देण्यात आला आणि त्यांनी सुचविलेल्या सुधारणा मागविण्यात आल्या. यानंतरच्या फ्लो-मॅटिक भाषेत व्यापारी हिशेबांच्या आज्ञा इंग्रजी शब्दांत लिहिता येत. हॉपर यांच्या आठवणीनुसार, तीच आज्ञावली फ्रेंच व जर्मन शब्दांत चालवून दाखविल्यावर वरिष्ठ प्रभावित होण्याऐवजी बिथरले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा कळते हेच त्यांना पटेना.

कोबॉल

१९५९ पर्यंत प्रत्येक उत्पादकाची यंत्रे आणि त्यांची भाषा स्वतंत्र होती. संगणक बदलला की आज्ञावल्या नव्याने लिहाव्या लागत. अनेक उत्पादकांची यंत्रे वापरणाऱ्या संरक्षण खात्याला हा खर्च पेलेना. बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांनी सामाईक भाषेची मागणी पुढे आणली आणि मे १९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये बैठक भरून कोडासिल ही समिती अस्तित्वात आली.

हॉपर यांना कोबॉलची जननी म्हटले जाते. हे विशेषण सैल आहे. भाषेचा आराखडा जीन सॅमेट, हॉवर्ड ब्रोमबर्ग, गर्ट्रूड टिअर्नी आदी सहा जणांच्या गटाने तयार केला. हॉपर त्या गटात नव्हत्या, त्या कार्यकारी समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या. फ्लो-मॅटिकचा पाया मात्र त्यांचाच होता.

कोबॉलमधील आज्ञावलीचे चार विभाग पाडलेले असतात: ओळख, परिसर, माहिती व कार्यपद्धती. विशिष्ट यंत्राशी निगडित तपशील शक्यतो परिसर विभागात एकवटावा, म्हणजे यंत्र बदलल्यास मुख्य मजकूर अबाधित राहील, असा हेतू होता. पुढे निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमांवर एकच सोर्स कोड चालवू पाहणाऱ्यांनीही प्रणालीवर अवलंबून असलेला भाग वेगळा काढण्याची हीच वाट धरली. ६ व ७ डिसेंबर १९६० रोजी एकच कोबॉल आज्ञावली आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ या दोन यंत्रांवर किरकोळ फेरफारांनिशी चालवून दाखविण्यात आली. युनिव्हॅकमध्ये बारा अक्षरांचा ठरावीक शब्द, तर आरसीएमध्ये बदलती लांबी. अशा भिन्न रचनांवर हे घडले, यातच त्या प्रयोगाचे मोल आहे.

प्रमाणीकरण

कागदावरची सामाईक भाषा व्यवहारात सामाईक राहिली नाही. प्रत्येक उत्पादकाने आपापली भर घातली. प्रमाणभाषा एक आणि बोली अनेक, ही स्थिती कोबॉलचीही झाली. फरक इतकाच, की माणसे बोली समजून घेतात, यंत्रे घेत नाहीत. १९६६ अखेर निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले, ते नौदलातील कोबॉल एकसारखी करण्यासाठी. ही सेवा जवळपास १९ वर्षे चालली.

त्यांच्या गटाने कोबॉलमध्येच चाचणी-आज्ञावल्यांचा संच लिहिला. प्रत्येक चाचणी प्रमाणभाषेतील एखादा नियम वापरी आणि मिळालेले उत्तर अपेक्षित उत्तराशी जुळते का, हे छापून देई. उत्पादक आपल्या संकलकाविषयी काय सांगतो याला यामुळे महत्त्व उरले नाही. चाचणीची ही पद्धत पुढे संघीय शासनानेही स्वीकारली. व्याख्याने, विनोद आणि कार्यालयातील उलटे फिरणारे घड्याळ यांमुळे हॉपर लोकप्रिय झाल्या. प्रकाश नॅनोसेकंदात जेवढे अंतर कापतो तेवढे, सुमारे ३० सेंटिमीटर तारेचे तुकडे त्या श्रोत्यांना वाटत. त्यामानाने चाचण्यांचे हे चिकाटीचे काम फारसे कोणाला ठाऊक नाही.

उत्तरायुष्य

१९८३ मध्ये त्यांना कमोडोर हा हुद्दा मिळाला. १९८५ मध्ये त्याचे नाव रिअर अ‍ॅडमिरल झाले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, बॉस्टन येथे यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निवृत्तिसमारंभ झाला. त्यानंतर मृत्यूपर्यंत त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या सल्लागार होत्या. १९९१ मध्ये त्यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचा दफनविधी लष्करी इतमामाने झाला. नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचे नाव आहे. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम देण्यात आले आणि २०१७ मध्ये येल विद्यापीठाने आपल्या कॅल्हून कॉलेजचे नाव बदलून ग्रेस हॉपर कॉलेज असे ठेवले.