अडुसष्टाव्या वर्षी अलिफ, बे

चाळिशी उलटल्यावर कुणी नवी लिपी शिकायला बसलं की आपल्याकडे घरचेच हसतात. आता या वयात काय अलिफ, बे गिरवतोस, म्हणून. अशांना आम्ही राणी व्हिक्टोरियाचं नाव सांगतो. जिचं राज्य आपल्या वाडवडिलांनी सोसलं तिचं नाव घेताना जीभ जरा अडखळते, पण गोष्ट खरी आहे.

बाईंना हौस मुळातच दांडगी. १८३२ साली, तेराव्या वर्षी, आईने कोरी वही दिली आणि रोजनिशी सुरू झाली. ती १९०१ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे इंतकालाच्या थोडे दिवस आधीपर्यंत चालली. चित्रांचा नादही लहानपणापासूनचा. राज्य आणि लेकरंबाळं सांभाळत १८४६ साली त्यांनी एडवर्ड लिअर या चित्रकाराची शिकवणी लावली. गाणं शिकल्या ते लाब्लाश या ऑपेरा गायकाकडे. १८६१ ला नवरा अल्बर्ट गेला, काळे कपडे कायमचे अंगावर आले; वही आणि रंगपेटी मात्र सुटली नाही.

मग १८८७ साल आलं. राज्याच्या सुवर्णमहोत्सवात आग्र्याहून दोन मुसलमान नोकर आले. त्यातला अब्दुल करीम चोवीस वर्षांचा, आग्र्याच्या तुरुंगात कारकुनी केलेला. इथे काम मिळालं मेजावर वाढप्याचं! पण दोनेक महिन्यांतच राणीने त्याच्याकडे हिंदुस्थानीचे धडे सुरू केले, तेही उर्दू लिपीतून. वय अडुसष्ट.

पद्धत साधी होती. करीम वहीत उर्दू ओळ लिहायचा, सोबत तिचा इंग्रजी अर्थ आणि रोमन अक्षरांत उच्चार. राणी ते उतरवून काढायची. त्याच डिसेंबरात बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई भेटीला आल्या, तेव्हा राणीने त्यांचं स्वागत हिंदुस्थानीत केलं. पुढे करीमला मुन्शीचा हुद्दा मिळाला आणि त्याचे ताटं वाढतानाचे फोटो नष्ट करवले गेले. शागिर्दाने उस्तादाची इज्जत राखली, असं आम्ही म्हणू. दरबाऱ्यांना हे रुचलं नाही. १८९७ च्या फ्रान्स दौऱ्यात मुन्शी सोबत नको म्हणून राजीनाम्याची धमकी देण्यापर्यंत मजल गेली.

त्याच वर्षी इकडे पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. २२ जूनच्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. राणीचे उर्दूचे धडे तेव्हाही चालूच होते. ज्यांची भाषा शिकत होती त्यांच्या देशात ती कधी आलीच नाही. उर्दूवरच्या तिच्या प्रेमाबद्दल आम्हाला शंका नाही, पण त्या उर्दूचा इथल्या रयतेला काय उपयोग झाला, हा सवाल राहतोच.

राणी गेली आणि थोड्याच दिवसांत नव्या राजाच्या, म्हणजे मुलाच्या हुकमाने तिची मुन्शीला लिहिलेली पत्रं जाळली गेली. मुन्शी आग्र्याला परतला, १९०९ साली तिथेच वारला. धाकटी लेक बिअॅट्रिसने आईची रोजनिशी काटछाट करून पुन्हा लिहून काढली आणि मूळ वह्या आगीत घातल्या.

उर्दूच्या तेरा वह्या तेवढ्या वाचल्या. आमचा आपला अंदाज, जाळणाऱ्यांना ती लिपीच वाचता येत नसणार. शंभर वर्षांनी लेखिका श्राबणी बसू यांनी विंडसरच्या दफ्तरखान्यात त्या उघडल्या, तेव्हा आत म्हाताऱ्या हाताने उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या ओळी होत्या.