रामानुजन यांची केंब्रिजमधली शेगडी

गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन १७ मार्च १९१४ रोजी मद्रासहून बोटीने इंग्लंडला निघाले, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. निघण्यापूर्वी शेंडी कापावी लागली. धोतराऐवजी पॅन्ट आणि उघड्या पायांत बूट आले. हे सारे त्यांनी पत्करले. शाकाहार मात्र सोडला नाही.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रा. हार्डी यांच्यासोबत काम सुरू झाले आणि गणिताचे सुख भरभरून मिळाले. अडचणी होत्या त्या रोजच्या जगण्यात. बूट पायाला चावत, म्हणून खोलीत ते सपाता घालत. थंडीत कुडकुडत झोपत. पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेले प्रशांतचंद्र महालनोबिस तेव्हा केंब्रिजमध्येच शिकत होते. पलंगावर नीट अंथरलेल्या ब्लँकेटच्या आत शिरून झोपायचे असते, हे रामानुजन यांना ठाऊकच नाही, असे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी ते करून दाखवले.

कॉलेजच्या भोजनगृहात जेवणे शक्य नव्हते. रामानुजन खोलीतच शेगडीवर रांधत. चिंच-मसाले घरून येत. भारतीय मित्रांना जेवू घालण्यात त्यांना आनंद वाटे. कढईत भाजी परततानाच त्यांनी महालनोबिसांनी वाचून दाखवलेले एक कोडे सोडवले आणि त्याचे सर्वसाधारण उत्तरही सांगून टाकले.

पण ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले होते. भाजीपाला दुर्मीळ झाला, बोटींचा भरवसा उरला नाही. कामाच्या नादात जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा चुकू लागल्या. घरची पत्रेही कमी होत गेली. हिवाळ्यातले इंग्लंडमधले ऊन त्वचेत पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होण्याइतके प्रखर नसते आणि शाकाहारातून ते फारसे मिळत नाही. हे जीवनसत्त्व तेव्हा वैद्यकाला माहीतही नव्हते.

१९१७ मध्ये रामानुजन आजारी पडले. ताप येई, जाई. आधी जठरातील व्रणाची शंका आली, नंतर क्षयाचे निदान झाले. एका आरोग्यधामातून दुसऱ्यात हलवाहलव सुरू झाली. क्षयरोग्याला थंड, मोकळ्या हवेत ठेवण्याची तेव्हाची पद्धत दक्षिण भारतातल्या या माणसाला सोसवेना. तिथले जेवणही घशाखाली उतरेना. १९१८ च्या सुरुवातीला त्यांनी लंडनमध्ये भुयारी रेल्वेसमोर उडी घेतली. गाडी वेळेत थांबल्याने ते वाचले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीची आणि ट्रिनिटीची फेलोशिप मिळाली आणि मन थोडे उभारी धरू लागले.

मार्च १९१९ मध्ये ते मुंबई बंदरात उतरले. आई न्यायला आली होती. मात्र घरचे अन्न आणि ऊन मिळूनही प्रकृती सुधारली नाही. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आजाराच्या नोंदी पुन्हा तपासून डी. ए. बी. यंग या संशोधकांनी १९९४ मध्ये वेगळी शक्यता मांडली. हा क्षय नसून अमिबामुळे झालेला यकृताचा आजार असावा. रामानुजन यांना मद्रासमध्ये विद्यार्थिदशेत आमांश झाला होता. हा परजीवी आतड्यातून यकृतात जाऊ शकतो आणि काही वर्षांनीही डोके वर काढू शकतो. त्यावर एमेटिनचे इंजेक्शन हा उपाय तेव्हा उपलब्ध होता आणि त्याचा वापर कोलकात्यात १९१२ पासूनच सुरू झाला होता. आज शंभर वर्षांनी निदान नक्की करता येत नाही. पण परमुलखात आजारी पडलेल्या माणसाने आपला जुना आजार सांगणे आणि डॉक्टरांनी तो आवर्जून विचारणे किती मोलाचे असते, हे या आयुष्यातून कळते.