हृदयापर्यंतची वाट शोधणारा डॉक्टर

जिना चढताना धाप लागते, पावलांवर सूज येते, अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की डॉक्टर आता ईसीजी आणि इकोबरोबर रक्ताची आणखी एक तपासणी अनेकदा लिहून देतात. बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी हे तिचे नाव. हृदयाच्या भिंतींवरील ताण वाढला की तेथील पेशी ही द्रव्ये रक्तात अधिक प्रमाणात सोडतात. त्यामुळे दंडातून काढलेल्या थोड्याशा रक्तावरून हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता खालावल्याचा अंदाज बांधता येतो. पण ज्या ताणाची ही खबर, तो प्रत्यक्ष मोजायचा तर हृदयाच्या आतच जावे लागते. ती वाट जर्मनीच्या वेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या शरीरात शोधली.

फोर्समान यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिनमध्ये झाला. वकील असलेले वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. बर्लिनमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते जवळच्याच एबर्सवाल्ड या लहान गावातील रुग्णालयात उमेदवारी करू लागले. घोड्याच्या मानेतील शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून दाब मोजणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञांचे एक जुने चित्र त्यांच्या मनात घर करून होते. माणसाच्या बाबतीत हे का होऊ नये, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. औषध थेट हृदयात पोहोचविण्याची सुरक्षित वाट त्यांना हवी होती. प्रमुख शल्यचिकित्सक रिचर्ड श्नायडर यांनी परवानगी नाकारली. हृदयाला नळीचा स्पर्श होताच ते बंद पडेल, असाच त्या काळचा समज होता.

निर्जंतुक साहित्याच्या किल्ल्या गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे होत्या. फोर्समान यांनी तिचे मन वळविले. प्रयोग स्वतःवर करून घेण्यासही ती तयार झाली. तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर बांधून त्यांनी तयारीचा देखावा केला आणि प्रत्यक्षात स्वतःच्याच डाव्या कोपराजवळची शीर उघडून मूत्रवाहिनीसाठी वापरली जाणारी बारीक नळी आत सरकविली. फसवणूक लक्षात आल्यावर ती संतापली. पण पुढे तिचीच मदत झाली. दंडात नळी तशीच ठेवून फोर्समान जिना उतरून तळघरातील क्ष-किरण विभागात चालत गेले. तेथे आलेल्या एका सहकाऱ्याने नळी ओढून काढण्याचा प्रयत्न केला, त्याला त्यांनी दूर लोटले. आरशात पडद्यावरची प्रतिमा पाहत त्यांनी नळी ६५ सेंटिमीटरपर्यंत आत नेली. तिचे टोक हृदयाच्या उजव्या कर्णिकेत पोहोचल्याचे क्ष-किरण चित्र निघाले. नोव्हेंबर १९२९ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

कौतुक दूरच राहिले. बर्लिनच्या विख्यात शारिटे रुग्णालयात फर्डिनांड झाउअरब्रुख यांच्या हाताखाली त्यांचा निभाव लागला नाही. कुत्र्यांवर आणि पुन्हा स्वतःवर त्यांनी आणखी प्रयोग केले, पण दाद मिळेना. अखेर ते मूत्रविकारांच्या शल्यचिकित्सेकडे वळले. याच काळात, १९३२ मध्ये, ते नाझी पक्षाचे सदस्य झाले व १९४५ पर्यंत राहिले. स्वतःच्या जिवाची पर्वा न करणाऱ्या या माणसाच्या चरित्रातील हा डाग पुढच्या कोणत्याही सन्मानाने पुसला गेलेला नाही. युद्धात लष्करी डॉक्टर, मग अमेरिकनांचे युद्धकैदी, सुटकेनंतर काही काळ लाकूडतोड्या, पुढे खेड्यात पत्नीच्या जोडीने वैद्यकी, असा प्रवास करीत ते १९५० मध्ये बाड क्रॉइत्सनाख या गावी मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून स्थिरावले.

दरम्यान न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी त्यांचीच पद्धत उचलून हृदयातील व फुप्फुस धमनीतील दाब मोजण्याचे शास्त्र उभे केले. १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले. योगायोग असा, की त्याच वर्षी ब्रुनो किश यांनी गिनीपिगच्या कर्णिकेतील पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कण पाहिले. त्यांचा उलगडा तेव्हा झाला नाही.

१ जून १९७९ रोजी शोप्फहाइम येथे फोर्समान यांचे निधन झाले. मृत्यूचे कारण होते हार्ट फेल्युअर. त्यानंतर दोनच वर्षांनी कॅनडातील अडॉल्फो डी बोल्ड व सहकाऱ्यांनी कर्णिकेचा अर्क उंदरांना टोचला आणि त्यांच्या लघवीवाटे मीठ व पाणी भराभर बाहेर पडू लागले. किश यांनी पाहिलेल्या कणांत संप्रेरक साठविलेले होते. त्याच कुळातील बीएनपी जपानी संशोधकांना १९८८ मध्ये सापडले, तेही डुकराच्या मेंदूत. हृदय हेच त्याचे मुख्य उगमस्थान असल्याचे नंतर कळले.

अचानक धाप लागलेल्या रुग्णाच्या रक्तात एनटी-प्रोबीएनपी दर मिलिलिटरला ३०० पिकोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तीव्र हार्ट फेल्युअरची शक्यता फारशी उरत नाही. फुप्फुसीय उच्च रक्तदाबात उजव्या हृदयावर किती भार आहे, उपचार लागू पडत आहेत का, हेही या आकड्यावरून आजमावता येते. मात्र वाढत्या वयात व मूत्रपिंडाच्या विकारात तो चढतो, लठ्ठपणात उतरतो. शिवाय भार फुप्फुसांमुळे आहे की डाव्या हृदयामुळे, हे तो सांगत नाही. त्यामुळे फुप्फुस धमनीतील सरासरी दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरपेक्षा अधिक आहे का, याचा निर्णय करण्यासाठी आजही शिरेतून हृदयापर्यंत नळी न्यावीच लागते.